नव्या यंत्राचा पहिला बिघाड : व्हॉल्व्हच्या रेडिओपासून होम थिएटरपर्यंत

नवे ध्वनियंत्र घरी आणल्यावर काही आठवड्यांतच बंद पडले, तर घेणाऱ्याला तो आपल्या नशिबाचा भाग वाटतो आणि विकणारा त्याला अपवाद म्हणतो. विद्युत्-उपकरणांच्या इतिहासात मात्र या बिघाडाला अपवादाची जागा कधीच नव्हती. तो केव्हा आणि कशामुळे होतो, हे अभियंत्यांना विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुरेसे ठाऊक आहे. त्याचा भार कोणी वाहायचा, निर्मात्याने, दुकानदाराने की पैसे मोजून बसलेल्या गिऱ्हाइकाने, हा प्रश्न मात्र फार सावकाश सुटत गेला, आणि घरोघरच्या रेडिओपासून होम थिएटरच्या रिसीव्हरपर्यंतचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

घरगुती रेडिओच्या पहिल्या काही दशकांत बिघाड हा यंत्राच्या रचनेतच गृहीत धरलेला होता. त्या काळच्या रेडिओचे काम व्हॉल्व्हवर चाले. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील तार तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि त्यांच्या प्रवाहावर नियंत्रण ठेवून क्षीण संदेश मोठा करता येतो. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये आणि ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये या नळीची सुरुवातीची रूपे घडवली. सतत तापणारी तार कधी ना कधी तुटणार, हे सर्वांनाच माहीत असल्याने व्हॉल्व्ह यंत्रात कायमचा जोडला जात नसे, तो खोबणीत बसवला जाई, म्हणजे हाताने उपसून त्या जागी दुसरा घालता येई. अमेरिकेत पुढे औषधांच्या दुकानांतही व्हॉल्व्ह तपासण्याची यंत्रे ठेवली गेली आणि गिऱ्हाईक घरचे व्हॉल्व्ह पिशवीत घालून आणून स्वतः तपासू लागले. या व्यवस्थेत नव्या रेडिओचा बिघाड तापदायक असला तरी गूढ नव्हता. कोणता भाग गेला हे डोळ्यांना दिसे आणि तो भाग बाजारात मिळे.

बिघाडाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात विमाने आणि जहाजे यांवरील रडार व बिनतारी संचांची संख्या झपाट्याने वाढली, आणि व्हॉल्व्ह हा त्यांतील सर्वांत नाजूक दुवा ठरला. १९४६ मध्ये फिलाडेल्फियात लोकांपुढे आलेल्या एनिआक या संगणकात सतरा हजारांहून अधिक व्हॉल्व्ह होते. त्याच्या चालकांच्या असे लक्षात आले की व्हॉल्व्ह जातात ते बहुधा यंत्र सुरू करताना आणि बंद करताना, कारण तापणे व निवणे या क्रियांचा ताण काच आणि धातू यांच्या जोडांवर पडतो. म्हणून ते यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही, असा प्रघात पडला. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याने इलेक्ट्रॉनिक साधनांच्या विश्वासार्हतेचा विचार करण्यासाठी एक सल्लागार गट नेमला आणि त्याचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वासार्हता म्हणजे एखादे साधन ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळापर्यंत, आपले काम करीत राहण्याची संभाव्यता, ही व्याख्या या अहवालामुळे रूढ झाली, आणि उष्णतेचे चढउतार व कंपने यांत साधनाची चाचणी घेण्याच्या पद्धतींना पक्के रूप आले.

याच अभ्यासातून तो आलेख पुढे आला, ज्याला त्याच्या आकारावरून बाथटब वक्र म्हणतात. मोठ्या संख्येने बनवलेल्या एखाद्या वस्तूच्या बिघाडांचे प्रमाण काळाच्या अक्षावर मांडले, तर सुरुवातीला ते उंच असते, मग झपाट्याने उतरून दीर्घकाळ सपाट राहते आणि झीज सुरू झाल्यावर पुन्हा चढते. सुरुवातीच्या उंच भागाला अभियंते बालमृत्यू असेच म्हणतात, आणि मानवी आयुर्मानाची कोष्टके बनवणाऱ्या विमागणितज्ञांना हा आकार आधीपासून परिचित होता. कच्चा राहिलेला सांधा, अशुद्ध राहिलेला स्फटिक, बनवताना सूक्ष्म तडा गेलेला भाग, असे सगळे दोष याच पहिल्या काळात उघडे पडतात. जे यंत्र त्यातून तरते ते बहुधा अनेक वर्षे टिकते. म्हणजे यंत्र नवे आहे ही गोष्ट निर्दोषपणाची खूण नसून उलट कसोटीचा काळ अजून बाकी असल्याची खूण आहे. यावर निर्मात्याकडे एक उपाय असतो, तो म्हणजे बर्न-इन: यंत्र कारखान्यातच बरेच तास तापवून, चालवून, दुबळे नग बाजूला काढायचे. पण या उपायाला वीज, जागा आणि वेळ लागतो. लष्करी व अवकाश साधनांसाठी हा खर्च सोसला गेला. घरगुती वस्तूंच्या बाबतीत, जसजशा किमती उतरत गेल्या, तसतशी ही चाचणी आखूड होत गेली आणि कसोटीचा काळ गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात येऊन पोहोचला. पहिल्या वर्षाचे हमीपत्र हे या स्थलांतराचेच दुसरे नाव आहे.

हिंदुस्थानात संघटित प्रसारणाला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राने २३ जुलै १९२७ रोजी आरंभ केला. रेडिओ ही तेव्हा चैनीची वस्तू होती आणि ती बाळगायला परवाना लागे, जो टपाल कार्यालयातून घ्यावा लागत असे आणि दरवर्षी नूतन करावा लागत असे. अशा महाग वस्तूची खरेदी हा एका दिवसाचा व्यवहार नसे. रेडिओ विकणारा दुकानदार आणि तो घेणारे घर यांचा संबंध अनेक वर्षे टिके. छपरावर एरियल, म्हणजे लहरी पकडणारी तार, बांधून देणे, व्हॉल्व्ह बदलणे, पावसाळ्यातील दमटपणाने गंज धरलेली ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी पुन्हा भरून देणे, ही कामे दुकानाशी बांधलेला किंवा शेजारच्या गाळ्यात बसलेला मेकॅनिक करी. मुंबईत ग्रँट रोड स्थानकालगतचा लॅमिंग्टन रोड (मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा आणि आज अधिकृतपणे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणून ओळखला जाणारा) तसेच पुण्यातील बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, हे बाजार सुट्या भागांच्या आणि ते बसवू शकणाऱ्या हातांच्या बळावर उभे राहिले. लिखित हमीपेक्षा या हातांची पत मोठी होती. त्या काळच्या गिऱ्हाइकाला खरी सुरक्षितता या बाजारानेच दिली, कायद्याने नव्हे, असे म्हणायला जागा आहे.

कायद्याची स्थिती फारशी आश्वासक नव्हतीच. इंग्लंडमध्ये १६०३ साली निकाल लागलेल्या चँडलर विरुद्ध लोपस या खटल्यात एका सोनाराने शंभर पौंडांना विकलेला खडा बेझोर, म्हणजे विषावर उतारा मानला जाणारा प्राणिज खडा, नसल्याचे उघड झाले होते. तरी केवळ तसे सांगून विकणे पुरेसे नाही, विक्रेत्याने स्पष्ट हमी दिली असेल तरच त्याच्यावर दावा चालेल, असे न्यायालयाने ठरवले. ‘घेणाऱ्याने जपून घ्यावे’ हे तत्त्व पुढे अनेक पिढ्या याच विचारावर चालले. १९३० च्या भारतीय मालविक्री अधिनियमाने त्याला मुरड घातली. कलम १६ नुसार, वर्णनावरून माल विकणाऱ्या व्यापाऱ्याचा माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, ही अट न लिहिताही करारात गृहीत धरली गेली. परंतु त्याच कलमात असा अपवादही राहिला की विशिष्ट वस्तू तिच्या पेटंट किंवा व्यापारी नावाने विकली गेली असेल, तर ती एखाद्या विशिष्ट कामास योग्य असल्याची अट गृहीत धरली जाणार नाही. नाममुद्रेच्या भरवशावरच यंत्रे विकली जाणाऱ्या युगाच्या तोंडावर ठेवलेला हा अपवाद आज विचित्र वाटतो. शिवाय दाद मागायची तर दिवाणी न्यायालयात, शुल्क भरून आणि वर्षानुवर्षे खेटे घालून, आणि एका रेडिओसाठी तसे करणारा माणूस विरळाच.

दरम्यान यंत्राचे अंतरंग बदलत होते. बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि घनरूप पदार्थाचा हा लहानसा तुकडा हळूहळू व्हॉल्व्हची जागा घेऊ लागला. तो न तापवता चालतो, पुष्कळ अधिक टिकतो, पण खोबणीत न बसता छापील पट्टीवर डाख देऊन कायमचा जोडला जातो. त्याच सुमारास रिसीव्हर ही वस्तू आकाराला आली: रेडिओचा ट्यूनर, निरनिराळ्या स्रोतांतून निवड करणारा प्रवर्धक आणि स्पीकर चालवणारा शक्तिप्रवर्धक हे तिन्ही एकाच पेटीत. अमेरिकेत १९५० च्या दशकात असे संच घरगुती वापरासाठी निघाले. डॉल्बी सराउंड १९८२ मध्ये आणि त्याचे सुधारित प्रो लॉजिक रूप १९८७ मध्ये आल्यावर चित्रपटगृहातील भोवताली फिरणारा आवाज घरात आला. १९९० च्या दशकात तो अंकीय झाला आणि २००२ च्या अखेरीस एचडीएमआय या जोडणीचे पहिले मानक ठरल्यावर चित्र आणि ध्वनी दोन्ही याच पेटीतून जाऊ लागले. पाच-सात प्रवर्धक, चित्रसंकेत हाताळणारी पट्टी, अंकीय संकेत उलगडणारा संगणक आणि या सर्वांना पुरणारा वीजपुरवठा, एवढा भार एका पेटीत आला, तिच्यातील प्रवर्धक घेतलेल्या विजेचा मोठा वाटा उष्णतेत घालवतात आणि ती पेटी पुष्कळदा बंद कपाटात ठेवली जाते.

उष्णतेचा पहिला बळी बहुधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये रासायनिक द्रवात भिजवलेला कागद गुंडाळून तो बनतो, वीजपुरवठ्यातील चढउतार सपाट करतो, आणि तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. १९९९ च्या सुमारास तैवानमधील काही उत्पादकांच्या कपॅसिटरांत सदोष द्रव गेला; त्यात वायू साठून त्यांचे डबे फुगले, फुटले, आणि पुढील काही वर्षे संगणकांपासून दूरचित्रवाणी संचांपर्यंत असंख्य नवी यंत्रे अकाली बंद पडली. त्यातच युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध घातले. जुना डाख कथील आणि शिसे यांचा होता व १८३ अंशांना वितळे. शिसेविरहित डाख २१७ अंशांच्या पुढे वितळतो आणि तापण्या-निवण्याच्या चक्रांत त्याचे सांधे वेगळ्या रीतीने थकतात. आरोग्याच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता, पण संक्रमणकाळाची किंमत नव्या यंत्रांच्या मालकांनी मोजली. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळयंत्राच्या व्यापक बिघाडामुळे हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरांहून अधिक तरतूद केली.

रिसीव्हर एकाएकी बंद होतो तेव्हा दर वेळी त्यात दोष असतोच असे नाही. ट्रान्झिस्टरच्या प्रवर्धकात शेवटचा भाग निकामी झाला, तर एकाच दिशेचा प्रवाह सरळ स्पीकरमध्ये जाऊन त्याची गुंडाळी जाळतो. म्हणून रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवून असा प्रवाह दिसताच स्पीकर तोडण्याची सोय झाली. स्पीकरच्या तारेचा एक सुटा धागा शेजारच्या खिळीला टेकला, तरी हीच व्यवस्था यंत्र बंद करते. व्हॉल्व्हची तार तुटलेली डोळ्यांना दिसत असे. येथे मात्र लुकलुकणाऱ्या दिव्यापलीकडे काहीच कळत नाही, आणि नव्या यंत्राच्या मालकाची असहायता याच अपारदर्शकतेतून येते. बिघाड कमी झाले हे खरे, पण झालेला बिघाड समजून घेण्याची सामान्य माणसाची आणि गल्लीतल्या मेकॅनिकची ताकद त्याहून अधिक वेगाने घटली.

महाराष्ट्रात १९७० आणि १९८० च्या दशकांत आखाती देशांतून परतणाऱ्या कोकणी कुटुंबांनी आणलेले, किंवा मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या बाजारांतून घेतलेले परदेशी संच ही या कथेची एक वेगळी शाखा आहे. जपानमधील घरगुती वीजदाब १०० व्होल्ट, येथील २३० व्होल्ट. जपानच्या देशी बाजारासाठी बनलेला संच दाब उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय जोडला की क्षणात जळे. अशा मालाला पावती नसे, हमी नसे, आणि म्हणून दादही नसे.

दाद मागण्याची वाट खुली झाली ती ग्राहक चळवळीमुळे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला. विकत घेणाऱ्यांनी संघटित व्हावे हा तिचा आग्रह होता आणि महाराष्ट्रातील मध्यमवर्गात तो रुजला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा पातळीवर स्वतंत्र मंच दिले, वस्तू दुरुस्त करून, बदलून किंवा पैसे परत देण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यांना दिला, आणि दोष डोळ्यांना न दिसणारा असेल तर नमुना प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद केली. २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली, जी दूरच्या विक्रेत्याकडून घरपोच माल मागवणाऱ्यांसाठी फार मोलाची आहे. त्याच कायद्यानुसार सदोष वस्तू पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

व्यवहारात मात्र कंपन्यांचा ओढा बदलून देण्यापेक्षा दुरुस्तीकडे राहतो, आणि ती दुरुस्ती अधिकृत केंद्रातच झाली पाहिजे, बाहेरच्या हाताने पेटी उघडली तर हमी संपेल, अशी अट घातली जाते. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, निर्मात्यांनी दुरुस्तीची माहिती एकत्र द्यावी यासाठी पोर्टल सुरू केले. रिसीव्हरच्या मालकासाठी त्याचा उपयोग एका गोष्टीवर ठरेल: पट्टीचा आराखडा आणि सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरच्या मेकॅनिकच्या हाती पोहोचतात की नाही.