मिरज प्रस्थानक

महाराष्ट्र राज्याच्या सांगली जिल्ह्यातील एक महत्त्वाचे लोहमार्ग प्रस्थानक. मध्य रेल्वेच्या पुणे विभागात ते मोडते. येथून पुणे, कोल्हापूर, बेळगाव–लोंढा व पंढरपूर–कुर्डुवाडी या चार दिशांना मार्ग फुटतात.

१८७६–७८ च्या भीषण दुष्काळात धान्य असूनही वाहनांअभावी ते गरजूंपर्यंत पोहोचविणे कठीण झाले. त्यानंतर दुष्काळप्रवण भागात लोहमार्ग बांधण्याच्या धोरणातून १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिचा पुणे–मिरज–लोंढा हा मीटरमापी मार्ग १८९० च्या सुमारास पूर्ण झाला आणि पटवर्धनांच्या संस्थानातील हे गाव रेल्वेच्या नकाशावर आले. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाने बांधविलेला मिरज–कोल्हापूर मार्ग खुला झाला. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा ०·७६२ मी. रुंदीचा अरुंदमापी मार्ग पंढरपूरहून मिरजेपर्यंत आला.

१९७१ मध्ये पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग रुंदमापी झाला. बेळगावकडील मार्ग मीटरमापी व कुर्डुवाडीकडील अरुंदमापीच राहिल्याने पुढे काही काळ रुंद, मीटर व अरुंद अशी तिन्ही मापे येथे एकत्र नांदली. मापे भिन्न असल्याने एका मार्गावरील वाघिणी दुसऱ्यावर जात नसत. हमालांकरवी माल उतरवून पुन्हा भरावा लागे. त्यात वेळ व पैसा खर्च होई आणि मालाची नासधूसही होई. प्रवाशांनाही गाडी बदलणे भाग पडे. पुढे बेळगावकडील मार्गाचे रूपांतर झाले आणि २०११ पर्यंत मिरज–कुर्डुवाडी–लातूर हा सबंध मार्गही रुंदमापी झाला.

या एकरूपतेचे मोल २०१६ च्या उन्हाळ्यात प्रत्ययास आले. लातूर शहरात तीव्र पाणीटंचाई झाली, तेव्हा कृष्णेचे पाणी मिरजेत टाकी-वाघिणींत भरून सु. ३४० किमी. दूर लातूरला पाठविण्यात आले. दहा वाघिणींची व सु. पाच लाख लिटर पाणी नेणारी पहिली गाडी १२ एप्रिल रोजी लातूरला पोहोचली. जुनी अरुंदमापी वाट कायम असती, तर रुंदमापी वाघिणींना थेट लातूर गाठता आले नसते. दुष्काळ निवारणाच्या हेतूने आखलेल्या धोरणातून उदयास आलेले हे प्रस्थानक अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी पुन्हा त्याच कार्यास उपयोगी पडले.

मिरज हे वैद्यकीय उपचारांचे व तंतुवाद्यनिर्मितीचे केंद्र असल्याने महाराष्ट्र व कर्नाटकातील रुग्ण, तसेच सतार-तंबोऱ्यांचे ग्राहक येथे येतात. पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांचीही येथे वर्दळ असते.