कुरणांतील शाळा

मुंबईच्या गोठ्यांतील म्हशींना लागणारें गवत एके काळीं मोठ्या प्रमाणावर ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांतून येत असे. डहाणू व उंबरगांव या तालुक्यांतील उतारांवर पावसाळा सरतां सरतां तें चांगलें उंच वाढे. मग वारली स्त्रीपुरुष विळे घेऊन तें कापीत आणि तें बांधून शहराकडे रवाना होई. शहरांत दूध पिणाऱ्या माणसाला या गवताची माहिती असण्याचें कारण नव्हतें. ज्यांच्या हातांनीं तें कापलें जाई, त्यांची माहिती तर त्याहूनहि कमी होती. १९४५ सालीं मात्र ती करून घेणें भाग पडलें. त्या वर्षीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठबिगार झुगारून दिली. लग्नापायीं काढलेल्या कर्जासाठीं नवराबायकोनें सावकाराच्या दारीं वर्षानुवर्षें राबावें, ही लग्नगड्याची चालहि त्यांनीं मोडली. आणि पाऊस संपतांच ५०० पौंड गवतामागें अडीच रुपये मजुरी मिळाल्याखेरीज विळा हातीं धरणार नाहीं, असा संप पुकारला. ऑक्टोबरांत तलवाडें येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत माणसें मेलीं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, या मुलखाच्या समुद्रकांठीं असलेल्या बोर्डी गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र निघालें. या दोन घटनांचा परस्परांशीं उघड असा संबंध नाहीं. केंद्र काढणाऱ्या बाईंना राजकारण करावयाचें नव्हतें, आणि संप करणाऱ्यांना बालवाडीकडे पाहण्यास सवड नव्हती. तरी पण ज्या माणसांचें गवत, त्यांचींच तीं मुलें. पुढें बारा-पंधरा वर्षांनीं या मुलांची शाळा खरोखरीच गवतांत भरूं लागली. ती कशी, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

ताराबाई मोडक बोर्डीस आल्या तेव्हां त्यांचें वय ५३ होतें. १९१४ सालीं त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या. पुढें भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनीं बालशिक्षणाचें काम केलें. १९२६ सालीं निघालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या, आणि १९३६ पासून दादरच्या शिशुविहारांत त्यांचें नांव मध्यमवर्गीय घरांतून सर्वांच्या परिचयाचें झालें होतें. एवढें सारें जमलेलें असतां माणूस सहसा स्थिर होतो. ताराबाईंना मात्र एक गोष्ट खटकत होती. माँटेसोरीबाईंनीं आपलें काम आरंभिलें तें रोम शहरांतील मजुरांच्या वस्तींत, १९०७ सालीं. आणि आपल्याकडे ती पद्धति आली ती डॉक्टर-वकिलांच्या मुलांसाठीं. गरिबाच्या मुलासाठीं निघालेली वस्तु प्रवासांत श्रीमंत झाली, असेंच म्हणावयाचें!

त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. वय ३५. तेराव्या वर्षीं लग्न व सहा महिन्यांत वैधव्य, असें त्या काळच्या अनेक मुलींच्या वांट्यास आलेलें प्राक्तन त्यांच्याहि वांट्यास आलें होतें. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेंत त्यांनीं अनेक वर्षें शिकविलें. १९४५ सालीं बोरिवली येथें कस्तुरबा निधीच्या शिबिरांत ताराबाईंची गांठ पडली आणि पुण्याची कायम नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या.

पहिला प्रश्न साधनांचा होता. माँटेसोरी पद्धतींतील साधनें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना ठाऊक आहे, कीं तीं मोठ्या कसोशीनें बनविलेलीं असतात. दहा गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा घ्या. लहानांत लहान ठोकळा एक सेंटिमीटरचा, त्यापुढचा दोनचा, असें दहापर्यंत. त्यांत केसाचाहि फरक चालत नाहीं. लांकडी दट्ट्यांची पट्टी घ्या. प्रत्येक दट्ट्याला त्याचेंच भोंक. चुकीच्या जागीं घातला तर शेवटीं एक उरतो, आणि मुलाला आपली चूक आपोआप कळते, बाईंनीं सांगावें लागत नाहीं. या पद्धतीचें मर्म येथेंच आहे. पण अशा संचाची किंमत खेड्यांतल्या शाळेस कोठून झेपणार?

ताराबाईंनीं उत्तर शोधलें तें किनाऱ्यावर आणि झाडांखालीं. शंखशिंपले, खडे, बिया, पानें, फुलें, माती, बांबू. शिंपल्यांचे लहानमोठे क्रम लावतां येतात. बिया आकारानें, रंगानें, स्पर्शानें वेगळ्या करतां येतात. पानांच्या जोड्या जुळवितां येतात. इंद्रियांना वळण लावावयाचें तें लांकडानें लाविलें काय आणि चिंचोक्यानें लाविलें काय, काम तेंच. मात्र यांत नुकसान कांहींच झालें नाहीं, असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दट्ट्या आपली चूक आपण दाखवितो. चिंचोका दाखवीत नाहीं. तेथें बाईंनीं किंवा शेजारच्या मुलानें दाखवावें लागतें. उलट एक मोठा लाभ झाला, आणि तो बहुधा प्रथम कोणाच्या ध्यानांतहि आला नसेल. गुलाबी ठोकळा कोठून आला, हें मूल विचारीत नाहीं. तो कपाटांतून येतो व कपाटांत जातो. पान मात्र झाडावरून आलेलें असतें. ज्या मुलानें तें ओळखलें, त्याला तें झाड दाखवावेंसें वाटतें, आणि एकदां मूल झाडापर्यंत गेलें कीं वर्गाच्या भिंती आपोआपच मागें राहतात. पैशाच्या अभावीं पत्करलेला मार्ग अशा रीतीनें परिसराच्या शिक्षणाचा मार्ग होऊन बसला.

दुसरा प्रश्न मुलांचा. बालवाडी उघडली म्हणजे सर्व मुलें येतात, हा शहरी समज. गांवांतलीं सुस्थित घरांचीं मुलें आलीं. हरिजन व आदिवासी वस्त्यांवरचीं येईनात. तेव्हां ताराबाई व अनुताई स्वतः त्या वस्त्यांवर जाऊं लागल्या. एखाद्या झोपडीपुढचें सारविलेलें अंगण, तोच वर्ग. मुलांना न्हाऊं घालणें, नखें कापणें, खरजेवर औषध लावणें, मग गाणें-गोष्ट, मग खडे व शिंपले. या प्रकारास नांव पडलें ‘अंगणवाडी’. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणीं सुरू केली, तेव्हां हाच शब्द घेतला, आणि आज तो देशांतल्या बहुतेक भाषांत रूढ आहे. शब्द गेला हें चांगलेंच झालें. पण त्या शब्दांतलें अंगण पुष्कळ ठिकाणीं मागें राहिलें व नुसती खोली गेली, हेंहि नमूद करावयास हवें.

१९५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून आंत, कोसबाडच्या टेकडीवर गेलें. येथें गोखले एज्युकेशन सोसायटीच्या कृषि-संस्थेचें काम चालूं होतें. भोंवतीं वारल्यांचे विखुरलेले पाडे. चार घरें या टेपावर, सहा पलीकडच्या. येथें अंगणवाडीचाहि उपाय पुरेना, कारण दिवसा अंगणांत मुलेंच नसत. सात वर्षांची मुलगी असेल तर तिच्या कडेवर धाकटें भावंड असे. आठ वर्षांचा मुलगा असेल तर तो गुरांमागें गेलेला असे. पुष्कळदां तीं गुरेंहि दुसऱ्याचीं, आणि राखण्याच्या मोबदल्यांत मिळणारें धान्य घराला लागणारें. अशा घरीं जाऊन शिक्षणाचें महत्त्व सांगणें म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखेंच आहे. मुलगा शाळेंत बसला तर गुरें कोण पाहील, या प्रश्नाला व्याख्यान हें उत्तर होत नाहीं.

कोसबाडला निघालेलीं उत्तरें दोन. मुलीसाठीं ‘विकासवाडी’: पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत. भावंडाला पाळण्यांत ठेवावें व शेजारच्या वर्गांत जाऊन बसावें. मध्येंच तें रडलें तर उठून पाहावें. आणि मुलासाठीं ‘कुरणशाळा’: गुरें जेथें चरतात तेथें शिक्षकानें जावयाचें. गुरें पांगलीं तर मुलगा उठून वळवून आणी आणि परत येऊन बसे. धडा तुटे, पण दिवस वायां जात नसे.

या कुरणशाळेचा विचार करतां एक गोष्ट विशेष लक्ष्यांत येते. निसर्गाच्या सान्निध्यांत शिक्षण ही कल्पना नवी नव्हे. फ्रान्सांत रूसोनें ती मांडली, बंगाल्यांत रवींद्रनाथांनीं शांतिनिकेतनांत झाडांखालीं वर्ग भरविले. परंतु त्यांच्या डोळ्यांपुढें मूल होतें तें निसर्गापासून दुरावलेलें. त्याला परत रानांत न्यावयाचें होतें. वारल्याचें मूल रानांतून कधीं बाहेर पडलेंच नव्हतें. त्याला झाड दाखविणें म्हणजे कोळ्याच्या पोराला समुद्र दाखविणें! कोणतें गवत गाय आवडीनें खाते व कोणतें सोडते, मोहाचीं फुलें केव्हां गळूं लागतात, पळसाच्या कोणत्या पानाची पत्रावळ चांगली होते, हें सारें त्याला अक्षरांच्या आधीं येत होतें. कडूकंद विषारी असतो. तो उकडून, वाहत्या पाण्यांत ठेवून, त्याचा कडूपणा काढल्यावरच खातां येतो. भुकेच्या दिवसांत ज्या घराला हा कंद आधार देतो, त्या घरच्या पोराला ही कृति पाठ असते. शहरांतल्या किती पदवीधरांना ती येईल?

मग अशा मुलाला परिसर शिकवावयाचा म्हणजे काय करावयाचें? त्याला जें येतें तें ज्ञान आहे, हें शाळेनें कबूल करावयाचें. कुरणांत हें कबूल करणें शिक्षकाला भागच पडे, कारण तेथें अडाणी तो स्वतःच असे. मुलानें पानाचें नांव सांगावें आणि गुरुजींनीं तें फळ्यावर लिहावें. आपण रोज बोलतों तो शब्द असा दिसतो, हें मुलानें पाहावें. गुरें मोजण्यांत बेरीज आहे, सांवली मोजण्यांत भूमितीचा आरंभ आहे. शिक्षकाला येणारें आणि मुलाला येणारें, अशा दोन ज्ञानांची ही अदलाबदल होती. वेठ व मारहाण पाहिलेल्या समाजांतल्या पोराला, पांढरपेशा माणूस आपल्याला कांहीं विचारतो आहे व तें लिहून घेतो आहे, हा अनुभव किती नवा असेल, याची कल्पना १९४५ चा इतिहास ठाऊक असणारानेंच करावी.

अर्थात् हा प्रयोग निर्दोष होता असें नाहीं. वारल्यांची बोली निराळी व क्रमिक पुस्तकांची मराठी निराळी. कुरणांत फळ्यावर आलेला शब्द छापील पुस्तकांत सांपडत नसे. स्वच्छतेच्या व टापटिपीच्या शिकवणींत दादर-पुण्याची नजर कोठें कोठें डोकावे. ज्या पाड्यावर उन्हाळ्यांत पिण्यालाच पाणी पुरत नाहीं, तेथें रोजच्या अंघोळीचा आग्रह किती करावा, हा प्रश्न सोपा नव्हता. आणि सर्वांत बिकट अडचण पुढच्या शिक्षणाची. कुरणांतून मुलगा जेव्हां नेहमींच्या शाळेंत जाई, तेव्हां तेथें त्याला कडूकंदाविषयीं कोणी विचारीत नसे. तेथें त्याला विचारीत तें पुस्तकांतलें, आणि त्यांत तो मागें पडला म्हणजे पुन्हां ‘ढ’ ठरे.

ताराबाईंना १९६२ सालीं पद्मभूषण मिळालें. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्या निवर्तल्या. कोसबाडचा भार त्यानंतर अनुताईंवर पडला. १९८२ सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, त्यांनीं प्रा. रमेश पानसे यांच्यासह ‘ग्राममंगल’ ही नवी संस्था काढून डहाणू तालुक्यांतीलच दाभोण येथें पुन्हां पाड्यांवरच्या मुलांचें काम हातीं घेतलें. एक काम उभें राहिल्यावर त्याच्या सावलींत विसांवा घेण्याचा तो काळ. पण दोघीहि बाईंना विसांव्याची कला साधली नाहीं.

१९९१ सालीं दोन गोष्टी घडल्या. २० जून रोजीं भारत सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून जाहीर केला व तेथील उद्योगांवर बंधनें घातलीं. २२ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरण हा विषय शिक्षणांत सक्तीचा करावा, असा निर्णय दिला. दोन्ही निर्णय स्वागतार्ह. त्यानंतर शाळाशाळांतून या विषयाचीं पुस्तकें आलीं, चित्रें आलीं, गाळलेल्या जागा भरा व जोड्या लावा हेहि आलें. डहाणूच्या डोंगरावरील मुलगाहि आतां पळसाचें चित्र पाहून त्याखालीं नांव लिहितो आणि त्याला गुण मिळतात. पळसाचें झाड शाळेच्या मागें असतें.

अनुताई २७ सप्टेंबर १९९२ रोजीं गेल्या. कोसबाडच्या कामाची त्यांची हकीकत ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकांत आहे. बोर्डी व कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतात. पाऊस संपला कीं त्या टेकडीभोंवतीं गवत आजहि वाढलेलें असतें, आणि त्या गवतांत गुरें घेऊन येणाऱ्या पोराला त्यांतील प्रत्येक जातीचें नांव, त्याच्या बोलींत, सांगतां येतें.