तीनशे नऊ धावा आणि कृपा



२५ ऑक्टोबर २०१९. बेंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम. कर्नाटकच्या अभिमन्यू मिथुनने आपल्या वाढदिवशीच तमिळनाडूविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली आणि घरच्या मैदानावर कर्नाटकने विजय हजारे करंडक जिंकला. करंडकाचं नाव सगळ्यांना पाठ आहे. पण हे हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती घरातले, एका शाळामास्तरांचे चिरंजीव, हे किती जणांना ठाऊक आहे?

हजाऱ्यांच्या तरुणपणी मुंबईत क्रिकेटचे संघ धर्मावर पडत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन. १९३७ साली पाचवा संघ आला, त्याचं नाव ‘द रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’. ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध अशा सगळ्यांची तिथे सोय. भारताच्या सर्वोत्तम फलंदाजांपैकी एक माणूस ‘उरलेल्यां’कडून खेळत होता.

१९४३ चा अंतिम सामना, ब्रेबॉर्न स्टेडियम. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. ‘रेस्ट’चा पहिला डाव १३३ वर आटोपला, फॉलोऑन मिळाला. मग हजारे उभे राहिले. भाऊ विवेक यांच्यासोबत त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. त्यात विवेक यांच्या धावा २१! संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. आणि निकाल? एक डाव आणि ६१ धावांनी पराभव.

मंडळी, इथे जरा थांबू या. खेळाचा हिशेब कमाईचा असतो. धावा कराल तर संघात राहाल. पण पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमकं उलट सांगितलं आहे. तारण हे देवाचं दान आहे, ते कृपेने मिळतं, विश्वासाने घ्यायचं असतं. ते कर्मांनी कमावता येत नाही, म्हणून कुणी फुशारकी मारू नये. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत. ‘कृपा’ हा शब्द आपल्याकडे आधीपासून होताच.

हजाऱ्यांच्या मनात त्या दिवशी काय होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. पण एका माणसाने सगळं केलं तरी ते पुरत नाही, हे त्या धावफलकावर लिहिलेलं आहे.

आता ८२ वर्षं पुढे या. ३० ऑक्टोबर २०२५, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, विश्वचषकाची उपांत्य फेरी. ऑस्ट्रेलियाने ३३९ चं लक्ष्य दिलं होतं. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ धावा करून परतली. याच स्पर्धेत तिला एका सामन्यातून वगळलं होतं. चिंतेने आपण किती रडलो, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. येशूचे आभार मानले. हे एकटीच्या बळावर झालं नसतं, म्हणाली. शेवटी शेवटी आपण फक्त उभ्या होतो, लढत देव होता, असा तिच्या बोलण्याचा भाव होता. त्यावर काहींनी टीकाही केली.

यातून देव जिंकवून देतो, असा अर्थ काढला तर घोटाळा होईल. प्रार्थना करणारे समोरच्या संघातही असतात. कृपेची शिकवण विजयाची हमी देत नाही. माणसाचं मोल धावांच्या आधी ठरलेलं आहे, एवढंच ती सांगते. शतक झालं तर आभार मानायचे. शून्यावर बाद झालो तरी आपण टाकाऊ ठरत नाही.

हजारे पुढे भारताचे कर्णधार झाले. १९५२ साली मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली, ती त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्या संघात धर्मावरून कुणी ‘उरलेला’ नव्हता.

पुढच्या भागात भेटू.