नवतपा आणि प्रोसेसरवरचा लेप

मध्यप्रांताची राजधानी नागपुरास असली, तरी उन्हाळा चढू लागताच प्रांताधिपतींचा लवाजमा दफ्तरासह पचमढीच्या डोंगरावर जात असे, आणि मागे राहिलेल्यांनी कचेरीच्या दारांवर वाळ्याच्या ताट्या टांगून, त्यांवर पाणी शिंपडीत नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, कंठावा, अशी त्या राजवटीची वहिवाट होती. यंत्रांना पचमढीस नेता येत नसल्यामुळे त्यांची तजवीज जागीच करावी लागली. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये पुढे हवा दमट राखणारी यंत्रे बसविण्यात आली, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. आता धाग्याला जी हवा मानवली, ती मजुराला मानवली असेलच असे नाही.

शतकभराने हाच मान संगणकाला मिळाला. मोठ्या कार्यालयांतून तो वातानुकूलित खोलीत विराजमान असे आणि लोक जोडे बाहेर काढून आत जात. घराघरांत तो पोहोचला तेव्हा ही सरबराई संपली आणि उष्णतेचा बंदोबस्त त्याच्याच पेटीत करणे प्राप्त झाले. १९८९ सालचा ४८६ जातीचा प्रोसेसर पुष्कळदा उघड्या माथ्यानेच चाले. १९९३ च्या पेंटियमला मात्र धातूचे हीटसिंक आणि पंखा यांवाचून गत्यंतर उरले नाही.

डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले, तरी त्यांच्या सूक्ष्म खाचांत हवा कोंडून राहते, आणि तांब्याच्या मानाने हवा उष्णतेची वाहक म्हणून सुमारे १५,००० पट निकृष्ट असल्याने ती हुसकून लावण्यासाठी थर्मल पेस्टचा लेप लागतो. जुना पांढरा लेप म्हणजे सिलिकॉन तेलात खललेली झिंक ऑक्साइडची भुकटी. त्याची वाहकता तांब्याच्या ४०० व्या हिश्श्याच्या आसपास, तर आजच्या उत्तम लेपाची फार तर ४० व्या हिश्श्याच्या. लेप जाड थापला की तोच उष्णतेच्या वाटेत आडवा येतो, हे यावरून उघड व्हावे. मुगाच्या दोनचार दाण्यांएवढा ठिपका मधोमध ठेवून हीटसिंक सरळ दाबावे, म्हणजे तो आपोआप पसरतो.

नवा प्रोसेसर घेणारा नागपूरकर सीताबर्डीच्या दुकानात वेष्टनावरचा वाहकतेचा आकडा निरखतो, त्यात गैर काही नाही. परंतु चांगल्या आणि अतिमहाग लेपांत फरक पडतो तो बहुधा थोड्याच अंशांचा, उलट खोलीची हवा जितके अंश तापते, जवळजवळ तितकेच अंश प्रोसेसरही चढतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत खिडकीतला कूलर खोली सहज आठदहा अंशांनी उतरवतो, तेव्हा त्याच्या ताट्या वेळेवर बदलणे हा संगणकाच्याही निगेचा भाग मानण्यास माझी हरकत नाही. पावसाळ्यात ही मात्रा चालत नाही.

म्हणून येथे लेप निवडायचा तो उच्चांकी आकड्याचा नव्हे, तर वारंवार तापून आणि निवूनही न सुकणारा, बाजूला न सरकणारा आणि विजेचा वाहक नसलेला. गॅलियमयुक्त द्रवधातूची वाहकता मोठी खरी, पण तो अ‍ॅल्युमिनियमला पोखरतो. तेव्हा हीटसिंकचे बूड तांब्याचे की अ‍ॅल्युमिनियमचे, हे पाहिल्यावाचून त्याच्या वाटेस जाऊ नये. जुना लेप खडूसारखा खपल्या धरून बसला असेल, तर तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा, आणि हे काम नवतप्याची वाट न पाहता होळीच्या सुमारासच उरकावे.