हातोडा केव्हा थांबायचा? आवाजाच्या नियमांचा थोडा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे सेक्रेटरींनी सांगितले. बँकेतली सगळी वर्षे सर्क्युलर वाचण्यात गेली, तेव्हा नियमांवरच लिहितो. विषयही दारात आलाच आहे. इमारत २५ वर्षांची झाली. पाइप गंजले, फरश्या उखडल्या, सूनबाईंना नवे किचन हवे. पुढची काही वर्षे कुठल्या ना कुठल्या मजल्यावर ड्रिल आणि टाइल्स-कटर चालणारच.

आपल्यापैकी बरेच जण आधी जुन्या चांद्यात स्वतंत्र घरात नाहीतर कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहिलेले. घर आपले, तर हातोडाही आपला. क्वार्टरची दुरुस्ती कंपनी करी. फ्लॅटमध्ये मात्र माझी फरशी हेच खालच्याचे छत! ही अडचण जुनीच आहे. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची गृहनिर्माण सोसायटी १९१५ साली झाली. पुढे महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा १९६० चा. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींत दोन गोष्टी स्पष्ट आहेत: कमिटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय फ्लॅटमध्ये फेरबदल करायचा नाही, आणि इतर सभासदांना त्रास होईल असे काही करायचे नाही.

आवाजाचा कायदा त्यामानाने उशिरा आला. हवा प्रदूषणाचा कायदा १९८१ चा, पण त्यात 'आवाज' हा शब्द १९८७ च्या दुरुस्तीने घातला गेला. ध्वनिप्रदूषणाचे स्वतंत्र नियम १४ फेब्रुवारी २००० चे, म्हणजे आपल्या सोसायटीच्याच वयाचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांतपणे राहण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडला. मग २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवायला साफ बंदी घातली.

म्हणजे रात्र कायद्याने राखली. दिवसाचे काय? ५५ डेसिबलचा आकडा आहे, पण जिन्यात मीटर घेऊन कोण उभा राहतो?

आणि आपल्या चंद्रपुरात सगळ्यांची रात्र एका वेळी होत नाही. वेकोलिच्या खाणीत आणि महाऔष्णिक केंद्रात रात्रपाळी करणारा सकाळी घरी येतो. तेव्हा कायद्याचा दिवस सुरू झालेला असतो, त्याची मात्र झोपेची वेळ. डोक्यावर ड्रिल चालले तर तो तसाच तांबारलेल्या डोळ्यांनी संध्याकाळी पुन्हा ड्युटीवर जाणार. डम्परच्या स्टिअरिंगवर डुलकी लागली तर काय होते, हे इथे कुणाला सांगायला नको. शिवाय मे महिन्यातली दुपार, आजारी माणसे, दहावी-बारावीची मुले आहेतच.

इथे खाणीपासूनच शिकण्यासारखे आहे. सुरुंग उडवण्याआधी इशारा देतात, माणसे बाजूला होतात, मगच बार उडतो. इतक्या मोठ्या आवाजालाही आधी कळवण्याची शिस्त आहे. फ्लॅटमधला हातोडा मात्र न सांगता सुरू होतो!

दुपारची विश्रांती कुठल्या कायद्यात शोधू नका. ती सर्वसाधारण सभेच्या ठरावानेच मिळवावी लागते. म्हणून येत्या सभेसाठी माझी सूचना: तोडफोडीचे काम सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६ एवढ्याच वेळेत, रविवारी व सणाला बंद, तीन दिवस आधी नोटीस बोर्डावर तारीख, मजला आणि किती दिवस चालणार ते लिहावे, आणि वरच्या-खालच्या घरी सभासदाने स्वतः जाऊन सांगावे. कुणी रात्रपाळीला असेल तर त्या आठवड्यापुरती वेळ आपसात बदलून घ्यावी. ठेकेदाराला ही वेळ पहिल्याच दिवशी सांगावी, म्हणजे पुढे वाद नको.

काम कुणाचे अडू नये आणि झोप कुणाची मोडू नये. आज वरच्या मजल्यावर मिस्त्री आहे, उद्या तो आपल्याकडे येणारच आहे.