दाबाचा लगाम : टर्बो इंजिनाला आवरणाऱ्या यंत्रणेचा इतिहास

१/
१९४३ साल. जर्मनीच्या आकाशात सुमारे २५,००० फुटांवरून अमेरिकी बी-१७ बॉम्बफेकी विमानांचा ताफा चालला आहे. बाहेरचे तापमान उणे ४० अंशांच्या आसपास. अशा वेळी वैमानिक अधूनमधून चार लहान लिव्हर उगाच मागेपुढे करतो. या हालचालीचा शत्रूशी काहीही संबंध नाही. नळ्यांतले तेल गोठू नये, एवढाच तिचा हेतू.

२/
त्या चार लिव्हरांनी चार इंजिनांच्या टर्बोचा दाब ठरे. आजच्या टर्बो मोटारीत हेच काम इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर करतो. तो बिघडला, की मेकॅनिक एका ठरावीक क्रमाने दोष शोधतो. तो क्रम कुठून आला, हे त्या गोठणाऱ्या तेलापासून सुरू होणाऱ्या कथेत दडलेले आहे.

३/
मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याची. इंजिनाच्या धुराड्यातून बरीचशी ऊर्जा वाया जाते. त्या धुरानेच एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरावी, असे त्याने सुचवले. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. त्याचे पेटंट १९०५ सालचे. मात्र उपयुक्त इंजिने जहाजांवर दिसण्यास १९२०चे दशक निम्मे सरावे लागले.

४/
दरम्यान विमानांना निराळीच अडचण भेडसावत होती. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम उखडतो. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेले. कळसूबाईच्या अडीचपटीहून ही उंची अधिक. टर्बोविना तेथे सुमारे २३० अश्वशक्ती मिळाली; टर्बोसह ३५६. समुद्रसपाटीवर हेच इंजिन सुमारे ३५० देई.

५/
प्रयोग यशस्वी झाला, पण त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. टर्बोला स्वतःहून थांबणे ठाऊक नसते. धूर वाढला, की चक्र वेगाने फिरते. चक्र वेगाने फिरले, की हवा वाढते. हवा वाढली, की धूर आणखी वाढतो. हे दुष्टचक्र मोकाट सोडले, तर शेवट इंजिन फुटण्यात होतो.

६/
दाब मर्यादेपलीकडे गेला, की सिलिंडरातील मिश्रण अवेळी आणि एकदम भडकते. मेकॅनिक यालाच नॉकिंग म्हणतात. धातूवर घण बसावा तसा आवाज येतो आणि काही क्षणांत पिस्टनला भोक पडू शकते. म्हणून टर्बोच्या जोडीला एक पळवाट आली : वेस्टगेट. ही झडप उघडली, की धुराचा काही भाग चक्राला वळसा घालून बाहेर पडतो आणि दाब उतरतो.

७/
आरंभी ही झडप वैमानिकाच्या हाती असे. २७ फेब्रुवारी १९२० रोजी मेजर रुडॉल्फ श्रोडर यांनी डेटनजवळच्या मॅकूक फील्डवरून टर्बो लावलेले विमान ३३,००० फुटांपलीकडे नेले. तेथे प्राणवायूचा पुरवठा खुंटला, डोळे गोठले आणि शुद्ध हरपली. विमान कित्येक मैल कोसळत गेले. शुद्धीवर येऊन त्यांनी ते कसेबसे उतरवले. इंजिनाला त्या उंचीवर श्वास घेता येत होता, माणसाला नव्हता. अशा ठिकाणी झडप माणसाच्या हाती ठेवणे धोक्याचे होते.

८/
बी-१७च्या आरंभीच्या रूपांत झडप सांभाळण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या नियामकाकडे आले. वैमानिक लिव्हरने मर्यादा ठरवी आणि नियामक झडप हलवी. जमिनीवर हे उत्तम चाले. पण २५,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ३७ टक्के उरतो आणि थंडीने तेल मधासारखे घट्ट होते. नियामक आळसावे. झडप उशिरा उघडे किंवा उशिरा मिटे.

९/
या उशिराची किंमत मोठी होती. झडप मिटलेली राहिली, तर मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेणारे चक्र बेफाम होई आणि इंजिन निकामी होई. झडप उघडी राहिली, तर दाब पडे आणि विमान ताफ्यामागे पडे. ताफ्यात परस्परांच्या बंदुकांचे संरक्षण मिळे. एकटे पडलेले विमान शत्रूच्या लढाऊ विमानांचे पहिले सावज ठरे. एका झडपेच्या आळसावर दहा माणसांचे प्राण टांगलेले असत.

१०/
उत्तर आले मिनियापोलिसच्या हनीवेल कंपनीकडून. तिचा मूळ व्यवसाय घरे उबदार ठेवणारी उपकरणे बनवण्याचा. या परंपरेचा आरंभ आल्बर्ट बुट्झ याने १८८०च्या दशकात केला होता. खोली थंड झाली, की भट्टीची हवेची झडप आपोआप उघडावी, अशी त्याची युक्ती. भट्टीचे झाकण सांभाळणाऱ्यांच्या वारसांकडेच आता धुराची झडप सांभाळण्याचे काम आले.

११/
त्यांनी तेल बाजूला सारले आणि वीज आणली. दाब मोजणारा घटक इंजिनाकडे जाणाऱ्या हवेची खबर देई. व्हॅक्यूम ट्यूबचा अॅम्प्लिफायर ती खबर वैमानिकाच्या मागणीशी ताडून पाही. जो फरक निघे, त्यानुसार विजेची मोटर झडप हलवी. चक्राच्या वेगावर एक स्वतंत्र गव्हर्नर नजर ठेवी. चार लिव्हरांच्या जागी एकच गोल बटण आले, त्यावर ० ते १० आकडे. ८ म्हणजे उड्डाणाची पूर्ण शक्ती; १० केवळ संकटकाळासाठी.

१२/
मोजणे, ताडणे, हलवणे. आजच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलरचा सांगाडा हाच आहे. आणि दोष शोधण्याची रीतही येथूनच निघते. एकाच इंजिनाचा दाब बिघडला, तर दोष त्या इंजिनाच्या साखळीत. चारही इंजिने एकदम हटून बसली, तर संशय सामाईक वीजपुरवठ्यावर. वीज गेली, की झडप जेथे असेल तेथेच थांबे. दाब स्थिर राही, पण बदलता येत नसे.

१३/
युद्धानंतर टर्बो मोटारीत आला. १९६२ सालच्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये साडेतीन लिटरचे व्ही-८ इंजिन होते आणि शक्ती होती २१५ अश्वशक्ती. नॉकिंग रोखण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. त्याची टाकी वेगळी, आणि ती मालकाने वेळोवेळी भरायची. टाकी रिकामी झाली, की एक झडप मिटून दाब रोखला जाई.

१४/
यंत्रणा चतुर होती, पण तिने माणसाच्या स्वभावाचा हिशेब धरला नव्हता. मालक टाकी भरण्यास विसरत, गाडी मंदावे आणि तक्रार मात्र इंजिनाची होई. खरे पाहता यंत्र स्वतःला वाचवत होते. १९६३नंतर जेटफायर बंद झाली. अनेक गाड्यांचा टर्बो काढून तेथे साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला. शक्ती कमी पडणे म्हणजे प्रत्येक वेळी बिघाड नव्हे. कित्येकदा तो रक्षणाचा उपाय असतो, हा या गाडीचा धडा.

१५/
स्वीडनच्या साब कंपनीत पेर गिलब्रांड यांनी १९७०च्या दशकात वेगळी वाट धरली. त्यांचा टर्बो वेग-विक्रमासाठी नव्हता, रोजच्या वापरासाठी होता. १९७७ साली फ्रँकफर्टला मांडलेल्या साब ९९ टर्बोमध्ये वेस्टगेटला लवचीक पडदा आणि स्प्रिंग होती. एका बारीक नळीतून दाब पडद्यावर येई. स्प्रिंगच्या जोराहून तो वाढला, की झडप उघडे. ना वीज, ना चालकाचे लक्ष.

१६/
या साधेपणात एक उणीव होती. स्प्रिंगला इंधनाची प्रत कळत नाही. हलके पेट्रोल मिळाले तरी इंजिन वाचावे, म्हणून दाब आणि संपीडन दोन्ही सावधपणे कमीच ठेवावे लागत. १९८०च्या दशकारंभी साबने त्यावर एपीसी ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणली. इंजिनाच्या ठोकळ्यावर बसवलेला सेन्सर नॉकिंगची कंपने ओळखी. ती जाणवली, की दाब उतरे. ती थांबली, की दाब पुन्हा चढे. यामुळे संपीडनाचे प्रमाण ७.२ वरून ८.५ वर नेता आले.

१७/
एपीसीची खरी करामत एका छोट्या सोलेनॉइड झडपेत होती. पडद्याकडे जाणाऱ्या दाबाचा काही भाग ती बाजूला सोडून देई. पडद्याला वाटे, दाब अजून कमीच आहे. म्हणून वेस्टगेट मिटलेले राही आणि प्रत्यक्षातला दाब वाढे. थोडक्यात, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण म्हणजे स्प्रिंगला मोजूनमापून दिलेला चकवा. आज बाहेरून बसवले जाणारे बहुतेक बूस्ट कंट्रोलरही याच तत्त्वावर चालतात.

१८/
म्हणूनच दोष शोधताना एक भेद निर्णायक ठरतो. सोलेनॉइडची तार तुटली, तर चकवा थांबतो, पूर्ण दाब पडद्यावर येतो आणि बूस्ट स्प्रिंगच्या मूळ पातळीवर उतरतो. गाडी मंद होते, पण इंजिन सुरक्षित राहते. मात्र पडद्याकडे जाणारी रबरी नळी निसटली वा फाटली, तर पडद्याला काहीच कळत नाही. वेस्टगेट मिटलेले राहते आणि दाब बेलगाम चढतो. तुटलेली तार गाडीला थकवते. तुटलेली नळी इंजिनाचा बळी घेऊ शकते.

१९/
अनुभवी मेकॅनिक म्हणून पेटीला हात लावण्यापूर्वी नळ्या पाहतो. बूस्ट कमी असेल, तर टर्बो आणि इंजिन यांमधील हवागळती. मग सोलेनॉइड काढून ठेवून, दाबाची नळी थेट पडद्याला जोडून चाचणी. तेव्हा बूस्ट स्प्रिंगच्या पातळीवर स्थिर राहिला, तर यांत्रिक भाग ठीक. दोष वीज, सेन्सर किंवा कंट्रोलरच्या मांडणीत. तरीही दाब भरकटला, तर दोष झडपेत, पडद्यात किंवा नळीत. जेथे इलेक्ट्रॉनिक भाग संपतो, तेथून साखळीचे दोन तुकडे करायचे.

२०/
शर्यतींच्या जगाने याच लगामाची दुसरी बाजू पाहिली. १९७७ साली रेनोने फॉर्म्युला वनमध्ये दीड लिटरचा टर्बो उतरवला. दशकभरात अशा इंजिनांची शक्ती पात्रता फेरीत हजार अश्वशक्तीपलीकडे गेली. चालकासमोर बूस्ट वाढवण्याचे बटणच असे. अखेर नियामक मंडळाने १९८७ साली प्रत्येक इंजिनावर दाब सोडणारी झडप सक्तीची केली. मर्यादा ४ बार. पुढील वर्षी २.५ बार, १९८९ला टर्बोवर बंदी. संघांनी स्वतःहून न घातलेला लगाम नियमाने घातला.

२१/
आज अनेक मोटारींतून पडदा आणि नळी दोन्ही हद्दपार होत आहेत. वेस्टगेट थेट विजेची मोटर हलवते आणि तिची स्थिती सेन्सर कळवतो. नवे म्हणून मिरवणारे हे तंत्र बी-१७च्या पोटात ८० वर्षांपूर्वी काम करत होते. बदलले ते आकारमान : व्हॅक्यूम ट्यूबच्या अॅम्प्लिफायरचे काम आता नखाएवढी चिप करते.

२२/
ब्यूशीने इंजिनाला दुसरे फुप्फुस दिले, पण ते कधी थांबवायचे हे शिकवण्यास पुढची पाऊणशे वर्षे लागली. प्रत्येक टप्पा कुठल्या ना कुठल्या बिघाडातून आला : गोठलेले तेल, रिकामी टाकी, हलके पेट्रोल. आज कार्यशाळेत मेकॅनिक वाकून एक बारीक रबरी नळी चाचपतो, तेव्हा या साऱ्या बिघाडांनी शिकवलेला धडाच तो नकळत गिरवत असतो. शक्ती निर्माण करणे अवघड खरे; ती आवरणे त्याहून अवघड.

(थ्रेड समाप्त)