अँटॉप हिलचा आदेश

९ मार्च २०१२. मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयातून महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी एक आदेश काढला. बायर या जर्मन कंपनीकडे पेटंट असलेलं सोराफेनिब हे औषध बनवायला त्यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला परवानगी दिली. भारतात दिला गेलेला हा पहिला सक्तीचा परवाना.

हे औषध मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरचं. पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणारी टायरोसिन कायनेज नावाची विकरं असतात. एटीपी या रेणूतला फॉस्फेट उचलून ती प्रथिनावर चिकटवतात आणि निरोप पुढे जातो. आमच्या बीडकडच्या शेतकऱ्याला सांगायचं तर हा मोटारीचा स्टार्टर. तो चिकटला की विहीर उपसली तरी मोटार थांबत नाही. कर्करोगात असंच होतं. सोराफेनिब अशा काही कायनेजना अडवतं, त्यामुळे गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढही रोखली जाते.

महिन्याच्या १२० गोळ्यांना बायर सुमारे २ लाख ८० हजार रुपये घेत होती. आदेशाने नॅटकोवर ८,८८० रुपयांची मर्यादा घातली, विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्क बायरला द्यायला लावलं आणि दरवर्षी ६०० गरजू रुग्णांना औषध फुकट देण्याची अट टाकली.

याचं मूळ जुनं आहे. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९च्या अहवालातून १९७०चा पेटंट कायदा घडला. त्यात औषधाच्या कृतीला पेटंट होतं, खुद्द औषधाला नव्हतं. जागतिक व्यापार करारामुळे २००५पासून औषधालाही ते द्यावं लागलं. पण कलम ८४ शाबूत राहिलं: पेटंट मिळून तीन वर्षं झाल्यावर, औषध लोकांना पुरेसं मिळत नसेल, परवडत नसेल किंवा देशात त्या पेटंटचा वापर होत नसेल, तर दुसऱ्याला परवाना मागता येतो. कुरियन यांनी तिन्ही कारणं मान्य केली. सिप्ला हेच औषध स्वस्तात विकते, हा बायरचा युक्तिवाद त्यांनी फेटाळला. जिच्यावर आपणच पेटंटभंगाचा दावा लावला, तिचा पुरवठा आपल्या खात्यात कसा धरता येईल?

अपिलात शुल्क ७ टक्के झालं, परवाना टिकला. जुलै २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही.

या विजयाला दोन मर्यादा आहेत. यकृताच्या कर्करोगाच्या मुख्य चाचणीत हे औषध घेणाऱ्यांचं मध्यमान आयुष्य १०.७ महिने होतं, न घेणाऱ्यांचं ७.९. म्हणजे साऱ्या लढ्याच्या मुळाशी होते तीनेक महिने. आणि रक्ताच्या कर्करोगावरच्या डॅसाटिनिब या दुसऱ्या कायनेजरोधकासाठी आलेला अर्ज २०१३मध्ये याच यंत्रणेने नाकारला. अर्जदाराने आधी पेटंटधारकाशी नीट बोलणी केली नाहीत, म्हणून.

तीन महिने थोडे वाटतील. पण गावाकडून परळच्या टाटा रुग्णालयात आलेल्या माणसाला विचारा. तेवढ्या काळात लेकीचं लग्न पाहून होतं, एखादा हंगामही पदरात पडतो. त्यासाठी जमीन विकावी लागू नये, एवढंच त्या आदेशाने पाहिलं.